याला बाहेरचं झालंय

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की मोबाईलवर दोन गोष्टी ठरल्यासारख्या येतात. पहिली, हॅलोविनच्या रात्री बघायच्या हॉरर सिनेमांच्या याद्या. त्यात हल्ली एक यादी हमखास 'क्वीअर हॉरर'ची असते. कोणता दिग्दर्शक गे होता, कोणत्या व्हॅम्पायरची नजर कुणावर होती, कोणता राक्षस खरं तर आपल्यातलाच होता, वगैरे. दुसरी, गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा फॉरवर्ड. हॅलोविन ही पाश्चात्त्यांची थेरं, समलैंगिकता हीसुद्धा पाश्चात्त्यांचीच थेरं, आपल्या मातीत यातलं काही नव्हतं, तेव्हा मुलांना जपा.

मला दोघांशीही भांडायचंय. फॉरवर्डवाल्यांशी जास्त, यादीवाल्यांशी जरा कमी.

आधी माझा पत्ता सांगतो. गाव शिरूर तालुक्यात, आजोळ दौंड तालुक्यात, मधे भीमा. नोकरी खराडीत, काम कोड लिहिण्याचं. वय अठ्ठावीस. मी गे आहे. हे घरी अर्धवट माहीत आहे, म्हणजे आईला कळलंय आणि तिने ते कुणालाच कळू द्यायचं नाही असं ठरवलंय. बाकी भावकीने आपापला निष्कर्ष काढलाय. पोरगा इंजिनिअर, पगार बरा, सुपारीचंही व्यसन नाही, आणि तरी स्थळ आलं की उठून जातो. याला बाहेरचं झालंय.

'बाहेरचं' हा आमच्याकडचा फार कामाचा शब्द आहे. बाहेरचं म्हणजे भूत, बाधा, लागीर. वांझ म्हशीपासून नापास पोरापर्यंत कशालाही लावता येतो. आणि गंमत बघा, फॉरवर्डमध्येही नेमका तोच शब्द आहे. समलैंगिकता 'बाहेरून' आली. म्हणजे माझ्यात जे आहे ते एक तर इंग्लंड-अमेरिकेतून आलं, नाहीतर पिंपळावरून उतरलं. माझं स्वतःचं, घरातलं, इथलं ते असूच शकत नाही. या लेखात मला एवढंच म्हणायचंय की ते घरातलंच आहे. आणि भुताच्या सिनेमांना हे फॉरवर्डवाल्यांपेक्षा कितीतरी आधी कळलं होतं.

भुतांची हजेरी

आपल्या गावभुतांची यादी एकदा शांतपणे वाचा. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंजीआधीच मेला, संसारापर्यंत पोचलाच नाही असा मुलगा. आलवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे निपुत्रिक मेलेला किंवा पैशात जीव अडकलेला पुरुष. यात वाघाने खाल्लेल्यांची, पटकीने गेलेल्यांची वेगळी भुतं शोधायला गेलात तर तेवढी ठसठशीत सापडणार नाहीत. ठसठशीत भुतं लग्न, बाळंतपण आणि वंश यांच्याशी बांधलेली आहेत. या जिन्याच्या मधल्याच पायरीवर जो थांबला, तो पिंपळावर गेला.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ही यादी म्हणजे घरसंसार नावाच्या सिस्टीमचा एरर लॉग आहे. ज्याची नोंद कुठल्याच खान्यात बसत नाही तो इथे दिसतो. मग 'आपल्यात असलं काही नव्हतं' हे म्हणणं टिकतं कसं? लग्नाच्या खान्यात न बसणारी माणसं इथे होती. त्यांना धड नाव नव्हतं, म्हणून भुताचं नाव दिलं गेलं असणार.

काहींना देवाचंही नाव मिळालं. जेजुरी दौंडपासून लांब नाही. तिथली मुरळी खंडोबाला दिलेली, म्हणजे माणसाच्या संसाराबाहेरची. दक्षिणेकडे यल्लम्माचे जोगते साडी नेसतात, कारण देवी अंगात आली. राजीव पाटील यांच्या 'जोगवा' (२००९) या सिनेमात ते दिसतं. उपेंद्र लिमये यांना त्यातल्या जोगत्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो सिनेमा बघून 'बघा, आपली परंपरा किती उदार' असं म्हणणाऱ्यांनी तो पुन्हा बघावा. त्यात साडी ही मुभा म्हणून येत नाही, सक्ती म्हणून येते. पण एक गोष्ट त्यातून लख्ख दिसते. आपल्याकडे पुरुषाने पुरुषासारखं न वागण्याला समाजाची परवानगी हवी असेल तर 'हे मी करत नाही, माझ्या अंगात दुसरं कुणीतरी आहे' एवढंच म्हणायची सोय आहे. स्वतःच्या नावावर परवानगी मिळत नाही, भुताच्या किंवा देवीच्या नावावर मिळते.

हॉलिवूडची पळवाट

हॉलिवूडनेही अगदी हीच युक्ती केली. १९३१ चा 'फ्रँकेन्स्टाईन' आणि १९३५ चा 'ब्राईड ऑफ फ्रँकेन्स्टाईन' हे दोन्ही सिनेमे जेम्स व्हेल या दिग्दर्शकाचे. व्हेल गे होता, त्या काळात तो ते फारसं लपवतही नव्हता आणि डेव्हिड लुईस या निर्मात्यासोबत बरीच वर्षं एकत्र राहत होता. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये हेज कोड कडक झाला. पडद्यावर समलैंगिकतेचा उल्लेखसुद्धा चालणार नव्हता. माणसाच्या रूपात जे दाखवता येत नव्हतं ते मग राक्षसाच्या कातड्यातून दाखवलं गेलं.

'ब्राईड'मध्ये एक प्रसंग आहे. सगळ्या गावाने हाकललेला राक्षस जंगलातल्या एका झोपडीत पोचतो. आत एक आंधळा म्हातारा एकटाच राहतो. त्याला राक्षसाचं रूप दिसत नाही, त्यामुळे भीतीही वाटत नाही. तो त्याला जेवायला घालतो, वाद्य वाजवून दाखवतो, बोलायला शिकवतो. दोन एकटे पुरुष एका छपराखाली सुखाने राहू लागतात. मग बंदूकवाले दोघे दार उघडून आत येतात आणि आंधळ्याला सांगतात की तुझ्या घरात काय आहे ते तुला माहीत नाही. झोपडी पेटते.

नव्वद वर्षांपूर्वीचा काळा-पांढरा सिनेमा आहे, पण ती झोपडी मला आमच्या शेतातल्या वस्तीसारखीच दिसते. त्या दोघांचं काय चाललंय याचा त्रास त्या दोघांना नसतो. त्रास बाहेरून येऊन 'तुला माहीत नाही' असं सांगणाऱ्यांना असतो.

तात्या विंचूचा अमेरिकन भाऊ

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (१९९३) न पाहिलेला मराठी माणूस मला अजून भेटायचाय. लक्ष्मीकांत बेर्डे, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि रामदास पाध्ये यांचा तो बाहुला. सिनेमा ज्यावर बेतलाय तो 'चाईल्ड्स प्ले' १९८८ चा. त्यातल्या चकी या बाहुल्याचा जन्मदाता लेखक डॉन मॅन्सिनी हा उघडपणे गे आहे. पुढे त्याने 'सीड ऑफ चकी' (२००४) केला. त्यात चकीच्या पोराला आपण मुलगा की मुलगी हे ठरवता येत नाही. ग्लेन आणि ग्लेंडा अशी दोन्ही नावं त्याला लागू आहेत. २०२१ मध्ये आलेल्या 'चकी' मालिकेचा नायक तर जेक नावाचा शाळकरी गे मुलगाच आहे. तिथे हा खुनी बाहुला जेकला सांगतो की माझं लेकरूही तसंच आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही, मी काय राक्षस आहे का?

म्हणजे तात्या विंचूचा सख्खा अमेरिकन भाऊ बाप म्हणून आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच बापांपेक्षा बरा निघाला.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो मूळ गोष्टीतला नियम. चुकीच्या शरीरात अडकलेल्या जिवाला बाहेर पडायचं असेल तर ज्याला त्याने सर्वात आधी आपली खरी ओळख सांगितली, त्याच्याच शरीरात जाता येतं. आपल्याकडे तो मान लक्ष्याला मिळाला आणि आपण पोट धरून हसलो. ज्याने कधी कुणाला पहिल्यांदा 'मी असा आहे' हे सांगितलंय त्याला या नियमाचा अर्थ वेगळा सांगायला नको. ज्याला पहिल्यांदा सांगतो त्याच्या हातात आपला जीव जातो. तो मित्र असेल तर आपण तरतो. तो दुसऱ्या दिवशी टपरीवर बोलला तर संपलो. एका गे लेखकाच्या गोष्टीतला हा नियम शिरूरच्या एसटी स्टँडवर जसाच्या तसा लागू पडतो. याला बाहेरचं कसं म्हणायचं?

आधी मर, मग बघू

इथवर यादीवाले खूश असतील. आता त्यांच्याशी भांडण.

इंग्रजी याद्यांचा सूर असा असतो की राक्षस भारी असतो, आपण राक्षसाच्या बाजूचे, चला साजरं करू. 'बाबादूक' (२०१४) नावाच्या ऑस्ट्रेलियन सिनेमातलं काळ्या टोपीचं भूत इंटरनेटवर गंमतीगंमतीत गे आयकॉन झालं. न्यूयॉर्कमध्ये रंग लावून राक्षस व्हायला मजा येत असेल, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुऊन माणूस होता येतं. न्हावऱ्यात किंवा पाटसला ज्याच्याबद्दल आधीच 'बाहेरचं झालंय' म्हणतात त्याने भूत होऊन मिरवायचं कशासाठी? आमची मागणी माणसात मोजा एवढी साधी आहे.

आपले सिनेमे काय करतात ते बघा. 'लक्ष्मी' हा सिनेमा २०२० च्या दिवाळीत ओटीटीवर आला. तमिळ 'कांचना'चा (२०११) हा हिंदी अवतार. तृतीयपंथी लक्ष्मीला जमिनीच्या लोभापायी मारतात आणि ती अक्षयकुमारच्या अंगात येऊन सूड घेते. जिवंतपणीची लक्ष्मी आपल्या शरद केळकर यांनी साकारली, आणि त्यांचं काम हीच सिनेमातली एकमेव खरी गोष्ट होती. २०२४ च्या दिवाळीत 'भूलभुलैया ३' आला. शेवटी कळतं की जिला सगळे मंजुलिका म्हणून घाबरत होते तो मुळात एक राजपुत्र होता. त्याला बाईसारखं नटायला, नाचायला आवडायचं. त्यापायी बापाने त्याला जाळून मारायची शिक्षा दिली.

दोन्ही सिनेमांचा हेतू चांगला होता हे मी मान्य करतो. थिएटरमध्ये माझ्या शेजारच्या काकू शेवटी डोळे पुसत होत्या हेही सांगतो. पण त्या कधी रडल्या? राजपुत्राची राख झाल्यावर. लक्ष्मीची कणव आली, ती खड्ड्यात पुरल्यावर. तोवर तिच्या चालण्यावर, बांगड्यांवर, टाळीवर हशा वसूल करून झालेला होता. आपल्या पडद्यावर आम्हाला दोनच भूमिका आहेत. हसवायचं असेल तर नाच्या आणि घाबरवायचं असेल तर भूत. चौफुल्याच्या कला केंद्रांच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला नाच्या वेगळा समजावून सांगावा लागत नाही. गणपत पाटलांनी तो इतका मन लावून रंगवला की लोकांनी पडद्याबाहेरही त्यांना तसंच समजून छळलं. त्यांची बायको-मुलंही त्यातून सुटली नाहीत. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'ने आमच्यासारख्या मुलीची गोष्ट गंभीरपणे सांगितली, पण शेवटी मित्रा मरतेच. विनोद असो, भय असो की सहानुभूती असो, तिघींचं एका मुद्द्यावर एकमत आहे. आधी मर, मग बघू.

हे फक्त पडद्यावर राहत नाही. मी काम करतो तिथे जूनमध्ये लोगो सप्तरंगी होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविनची स्पर्धा असते. एका वर्षी टीममधला एक जण लाल साडी, ठसठशीत कुंकू आणि हातभर बांगड्या घालून 'लक्ष्मी' बनून आला. टाळ्या वाजवत डेस्कांमधून फिरला. पहिलं बक्षीस त्याला. इतर वेषांमध्ये एक ड्रॅक्युला, दोन चेटकिणी आणि एक सांगाडा होता. त्या रांगेत साडीतला पुरुष सगळ्यांना इतका बरोबर बसल्यासारखा वाटला की कुणाच्या मनात प्रश्नसुद्धा आला नाही. भूत, चेटकीण, सांगाडा, तृतीयपंथी. रात्री गाडी शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हाही ती रांग माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही.

खरी भीती कुठे असते

भयपट खोटी भीती विकतो असा आरोप असतो. मला वाटतं चांगला भयपट खरी भीती नेमकी कुठे आहे ते बोट ठेवून दाखवतो. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) बघा. पोटुशी बाई, उसाच्या फडातलं एकटं घर, तीन पोरांचे आवाज. आमच्या भागात राहणाऱ्याला ऊस म्हणजे काय हे कळतं. दोन हातांवरचं दिसत नाही, पात्यांची सळसळ थांबत नाही आणि हल्ली आत बिबट्या असू शकतो. पण त्या सिनेमात बिबट्यापेक्षा आणि भुतापेक्षा भयंकर काय आहे, तर मुलगी नको म्हणून पोटातल्या पोरी मारणारं घर. भुतं बिचारी ओरडून ओरडून तेच सांगत असतात. मुलींच्या बाबतीत मराठी भयपटाला हे जमलं. मग आमच्या बाबतीत भूत म्हणून पुन्हा आम्हीच का?

आमच्या आयुष्यातला भयपट लिहायला कल्पनाशक्ती ताणावी लागत नाही. डेटिंग अ‍ॅपवर चेहरा नसलेला प्रोफाईल 'दौंड स्टेशनला ये' म्हणतो, तिथे एकाऐवजी चौघे उभे असतात, आणि ते फोन, पैसे आणि 'घरी सांगू' ही धमकी घेऊन जातात. पोलिसांत जायचं तर आधी आपलं नाव सांगावं लागतं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात समोरची मुलगी अनोळखी माणसाकडे विश्वासाने बघत असते आणि आपल्याला ठाऊक असतं की आपण हो म्हणालो तर तिच्या आयुष्याचंही थडगं बांधतोय. आणि मग देवऋषी. लिंबू, अंगारा, धुरी. ऐकलं नाही तर छडी.

या शेवटच्याला महाराष्ट्रात कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून काढले. 'उपचार' करून गे माणसाला सरळ करतो म्हणणाऱ्या डॉक्टरांचं वर्तन हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं. कागदावर हिशेब असा आहे की माझ्यातलं 'बाहेरचं' गुन्हा नाही, ते काढायला छडी उचलणारा गुन्हेगार आहे. गावात अजून उलटा हिशेब चालतो. या उलट्या हिशेबावर एक तरी मराठी भयपट यायला हवा होता.

भूत नसलेला भुताचा सिनेमा

एक सिनेमा जवळपास तिथे पोचला, आणि त्यात भूत नाही. रोहन परशुराम कानवडे यांचा 'सबर बोंडं'. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला आणि आपल्याकडे तो त्याच वर्षी १९ सप्टेंबरला, म्हणजे ऐन पितृपक्षात, थिएटरात लागला. बाप वारलाय. मुंबईत नोकरी करणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. पायात चप्पल नाही, नियमांवर नियम, आणि येणारा प्रत्येक नातेवाईक लग्नाचं विचारतो. त्यात लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो.

मसाला सगळा भयपटाचा आहे. मृत्यू, सुतक, अंधारं माळरान, गावाची नजर. मी तर अर्धा सिनेमा कुणीतरी दार वाजवेल, कुणीतरी काठ्या घेऊन येईल या धाकात बघितला. 'ब्राईड'मधली झोपडी पेटते तशी इथेही पेटणार, अशी मनाला सवयच झालीय. ती पेटत नाही. आई मुलाच्या पाठीशी उभी राहते. मेलेला बाप आहे, मुलगा जिवंत राहतो. ही एवढीशी अदलाबदल मराठी पडद्यावर व्हायला इतकी वर्षं लागली.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येक गोष्टीत गे शोधायची काय गरज, भुताचा सिनेमा भुताचा म्हणून बघा की. बघतोच. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी मीही रात्री पांघरुणात टॉर्च लावून वाचलेत. पण मी शोधत बसलो नव्हतो. पिंपळाखालून जाताना 'मुंजा धरेल, लग्न कर' असं मला आमच्या घरातच सांगितलं गेलं. भुताशी माझं नातं माझ्या लोकांनी जोडलं. आता मी त्या नात्याचा हिशेब मागितला की 'सगळीकडे हेच कशाला' हे चालणार नाही.

धारप-मतकरींच्या वाटेने आज लिहिणाऱ्या, वेबसिरीज रचणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांकडे म्हणून एक मागणी आहे. भीमेकाठची एक वस्ती घ्या, चहूबाजूंनी ऊस. दोन पुरुष राहतात, एकाच्या दोन म्हशी आहेत, दुसरा लॅपटॉपवर रात्रपाळी करतो. रात्री उसातून आवाज येतो. तो बिबट्याचा असता तर बरं झालं असतं. आवाज भावकीचा आहे, सोबत देवऋषी आहे, आणि त्यांनी आणलेलं भूत या दोघांच्या अंगात घालायचं ठरलंय. लिहा पुढे. अट एकच, शेवटी ते दोघं जिवंत राहिले पाहिजेत.

तोवर या ३१ तारखेला बघायला माझी यादी: 'ब्राईड ऑफ फ्रँकेन्स्टाईन', 'झपाटलेला', 'लपाछपी', 'सबर बोंडं'. याच क्रमाने बघा. शेवटचा शक्य झालं तर आईसोबत बघा. तिने मधेच उठून चहा ठेवला तरी हरकत नाही, दार बंद करू नका.